पिकलेलं पातं

सून माहेराला जाते म्हणाली आणि बन्सीधरनं बंडीच्या खिशातून चाकू काढला.

घाबरू नका, भोसकायला नाही. परगावचा कुणी बघत असता तर ओरडला असता, आम्हाला आता सवय झाली होती. त्यानं खटका दाबून पातं उघडलं, निकिताच्या तोंडापुढं धरलं आणि विचारलं, "काळं झालंय का?"

"न्हाई, मामा."

"मंग कामून इचारायलीस?"

निकिता पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली. "बाबाला लकवा मारलाय. वाचा गेलीय. माय फोनवर नुसती रडायलीय. तोंड बघून लगेच माघारी येते."

"बाप कुठं पळून चाललाय का? हातरुणावरच हाय की." एवढं बोलून त्यानं चाकू तिच्या पुढ्यात टाकला आणि पाराकडे निघून गेला.

हे घर माझ्या शेजारचं. मधे एक भिंत, तीही कमरेएवढी, त्यामुळं ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. बन्सीधर तसा दारू पीत नाही, बायकोवर हात टाकत नाही, जमीन चांगली, विहिरीला पाणी. लोक त्याला सरळ माणूस म्हणतात. सरळ माणूस किती वाईट वागू शकतो हे बघायचं असेल तर आमच्या गल्लीत या.

चाकूचं कौतुक मात्र सांगायला पाहिजे. एका घिसाड्यानं ट्रकच्या कमानपाट्यातून तो घडवलेला, मूठ बाभळीची. असलं पोलाद लय तिखट, पण पाणी लागलं की तांबडा जंग धरतं. त्याला एकच इलाज. रोज कांदा कापायचा, कैरी कापायची, चिंच चिरायची, कापलं की लगेच कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि वरून करडीच्या तेलाचं बोट फिरवायचं. मग हळूहळू पात्यावर निळसर काळा थर चढतो आणि तो चढला की जंग जवळ येत नाही. आमच्याकडं त्याला पातं पिकलं म्हणतात. बन्सीधरचं पातं जन्मभराच्या कांदा-भाकरीवर पिकलेलं होतं. पारावर बसला की तो ते उघडून दाखवायचा आणि आम्ही मुकाट बघायचो.

निकिता नवी नवरी. सासू धुरपताबाईची एकच परीक्षा, घासलेल्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर सगळी भांडी पुन्हा राखेत. पोरीचं सगळं लक्ष त्या भांड्यांत. एकदा धुणं धुताना सासऱ्याच्या बंडीत तिला हा काळाकुट्ट चाकू सापडला. तिला वाटलं, एवढी एकच वस्तू घरात कळकट राहिलीय. तारेची घासणी घेतली, विटकरीची भुकटी घेतली आणि पातं पांढरंफेक करून उन्हात ओट्यावर ठेवलं. सासऱ्याची वाट बघत बसली. शाबासकी मिळेल म्हणून.

बन्सीधरनं शिवी दिली नाही. चार माणसांना बोलावून चाकू दाखवला आणि पोरीसमोर शांतपणे सांगितलं, "पातं पुन्यांदा पिकंस्तोवर माहेराची वाट बंद. तिनं घालवलं, तीच आणंल."

त्याच आठवड्यात तिच्या माहेराहून, चारठाण्याहून, बापाच्या लकव्याचा फोन आला.

मग काय विचारता! उन्हाळा, रानाला भेगा पडलेल्या, लोणच्याचे दिवस. बन्सीधरनं गल्लीत सांगून टाकलं, ज्याला कैऱ्या चिरून पाहिजेत त्यानं आमच्या ओट्यावर आणून द्या. बायकांना बरंच झालं. पाट्याच्या पाट्या येऊन पडल्या. घरात मोठी विळी असताना ती पोर त्या बोटभर पात्यानं कैऱ्या चिरत बसायची. चीक आणि आंबट लागून बोटं फाटली. त्यावर धुरपताबाई मीठ-तिखट कालवायलाही तिलाच बसवायची.

"आत्या, हातं लय झोंबायलेत," एकदा ती म्हणाली.

"घासताना न्हाई झोंबले ते?" धुरपताबाई म्हणाली.

नवरा महारुद्र खाटेवर मोबाइल बघत पडलेला असायचा. बायकोची त्याला दया आली नाही असं नाही, पण त्याची दया मोबाइलातून यायची. कुठलासा व्हिडिओ बघून त्यानं सांगितलं, चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेव, सकाळी काळं होतंय. तिनं बिचारीनं ऐकलं. सकाळी पात्यावर तांबडे चट्टे आणि बारीक खड्डे. बन्सीधर हसला. त्याला इतकं मोकळं हसताना मी पोराच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"घास आता! घासायची तर तुला सवय हाय," म्हणाला. "अन् पयल्यापासनं सुरू कर."

तिनं पहिल्यापासून सुरू केलं. आता मात्र घाई केली नाही. कापायची, पुसायची, तेल लावायची. चारठाण्याचा फोन आला की खांद्याशी दाबून धरायची आणि हात चालूच ठेवायची. पातं आधी पिवळट झालं, मग करडं, मग एकदम निळं चढलं. इतकं देखणं की बन्सीधरनं पिकवलेलं असतानाही तसं नव्हतं. हे मी उगाच म्हणत नाही, पारावर सगळ्यांनी तेच म्हटलं.

भगवानराव आमच्यात वडीलधारे. ते म्हणाले, "बन्सीधर, झालं की मनासारखं. आता जाऊ दे लेकराला."

बन्सीधरनं पातं उन्हात फिरवून बघितलं. "निळं हाय अजून. काळं कुठंय?"

"अरे, तिचा बाप मरायलाय."

"मी थोडाच मारायलोय त्याला?"

निकिता पाण्याची घागर घेऊन तिथूनच चालली होती. तिनं ऐकलं. घागर पाराच्या कडेला ठेवली, सरळ आमच्यात आली आणि सासऱ्याच्या हातातून चाकू काढून घेतला. बन्सीधरचा हात तसाच उघडा राहिला.

"कुठं निगालीस?"

"चारठाण्याला," ती म्हणाली. "तिकडच्या कैऱ्या जरा जास्तीच आंबट हायेत, मामा. काळंच करून आणते."

पातं मिटून तिनं कमरेला खोचलं आणि फाट्याच्या रस्त्याला लागली. पायांत चप्पल होती तेवढीच, ना पिशवी ना दुसरं लुगडं. कुणी हसलं नाही. मला मात्र इतकं बरं वाटलं की घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

पुढं बाप गेल्याचा फोन आला. सासरचं कुणी मातीला गेलं नाही. बन्सीधर 'बघू' म्हणाला आणि बघितलं नाही. मग एका सकाळी स्वच्छ धोतर नेसून माझ्या दारात उभा राहिला. "बजरंगा, चारठाण्याला जाऊन येऊ. सोबत चल." मला वाटलं, फुटला एकदाचा पाझर. गेलो.

परभणी, जिंतूर करत उन्हात पोचलो. व्याही आलेला बघून बायकांनी गळा काढला. चुलत्यांनी घोंगडी टाकली, पाणी दिलं. बन्सीधर खाली मान घालून बसला. रडणं ओसरेपर्यंत थांबला. मग मान वर करून म्हणाला, "चाकू कुठंय?"

माझ्या कानशिलात मारल्यासारखं मला झालं.

निकिता आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला चाकू घेऊन आली. "कैऱ्या न्हाई कापल्या, मामा. बाबाला मोसंबी कापून द्यायचे. गिळायला येत नव्हतं, तरी माझ्या हातानं चमचा चमचा घेतलं. शेवटपस्तोर माझ्याकडंच बघायलते."

"मोसंबीनंबी चढतो रंग," बन्सीधर म्हणाला. फडकं सोडून त्यानं पातं उघडलं. काळंशार होतं. "कापल्यावर लगेच पुसलंस ना?"

"पुसलं."

"मंग बरं." तो उठला. "चल बजरंगा, गाडी चुकंल."

मी म्हणालो, "अन् पोरीचं काय?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. पोरगी तिथं आहे हे त्याला आत्ताच दिसलं असावं. काही बोलायच्या आत तीच बोलली, "मी न्हाई येत, मामा."

"बरं," तो म्हणाला आणि चप्पल पायात घातली.

गाडीत त्याला खिडकी मिळाली. जिंतूर येईपर्यंत तो पातं उन्हात धरून बघत होता. त्याच्याशी बोलायची मला लाज वाटत होती, त्याला वाटत नव्हती. "बग, कुठं डाग न्हाई," म्हणाला. "पोरगी गुणाची व्हती."

दिवस मावळायच्या आत गल्लीत शिरलो. महारुद्र खाटेवर मोबाइल बघत पडला होता. धुरपताबाई उंबऱ्यात आमची वाट बघत उभी. मला वाटलं, आता ही विचारणार, 'आणली का?' आणि काय सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

धुरपताबाईनं विचारलं, "आणला का?"

"आणला," बन्सीधर म्हणाला, आणि खिशावर हात ठेवला.