लाल पट्ट्यातला टिल्लू

अंजनाबाईंनी कुरखेड्याजवळच्या आपल्या गावात एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोर काट्याला टांगायचं, वजन तक्त्यावर मांडायचं आणि कमी वजनाच्या लाल पट्ट्यातलं पोर हिरव्यात येईपर्यंत त्याच्या आईच्या हात धुऊन मागे लागायचं, हा त्यांचा खाक्या. वजन वाढवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच त्यांचा स्वतःचा कुत्रा, टिल्लू, असा फुगला की ओसरीच्या दोन पायऱ्या चढतानाही मध्ये बसून दम खायचा.

संक्रांतीनंतर एका सकाळी टिल्लूला उठताच येईना. मागचे पाय फरफटत तो कसाबसा भांड्यापर्यंत आला. घरात ती दोघंच होती. कुरखेड्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची कंबर दाबून पाहिली आणि स्पष्टच सांगितलं: हाडं शाबूत आहेत, पण एकतीस किलोंचा भार ती फार दिवस पेलणार नाहीत. पावसाळ्याआधी वजन चोविसाच्या आत आणा, रोज चालवा, पाण्यात पाय मारू द्या, नाहीतर पाय कायमचे जातील. वर हसून म्हणाले, अंगणवाडीच्या बाईंचा कुत्रा, असा असायचाच. ते मात्र बाईंना फार झोंबलं.

घरी येताच त्यांनी जुन्या तक्त्याचा एक कोरा कागद शोधला आणि पट्टे उलटे रंगवले, वर लाल, खाली हिरवा. भाकर निम्मी केली. रोज उजाडताच टिल्लूला घेऊन त्या गावच्या बोडीवर जायच्या. धानाला पाणी देणारं ते लहानसं तळं. त्याची मातीची पाळ दोन पुरुष उंच. टिल्लू पाळीच्या पायथ्याशीच बसकण मारायचा. मग बाई कडेच्या उथळ पाण्यात उतरायच्या आणि त्याला ओढायच्या. टोचून घ्यायला आणलेली पोरं जशी पाय रोवून उभी राहायची, तसा तो काठावर उभा राहायचा. बाईंनी तसली पोरं शेकड्यांनी पाहिली होती.

महिना गेला. मुखरूभाऊंच्या धानगिरणीतल्या काट्यावर टिल्लूला उभं केलं, तर एकतीस किलो आणि वर दोनशे ग्रॅम. ओल्या धानाच्या वजनातून वजा करतात तशी कटती कापून मांडू का, असं मुखरूभाऊंनी विचारलं. बाई टिल्लूला घेऊन घरी आल्या. त्यांना रात्रभर तो काटाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. टिल्लू उठला, मागचे पाय ओढत बाहेर पडला आणि बाई त्याच्या मागोमाग. पाच अंगणं, पाच ताटल्या. शेवटचं अंगण पुनमचं. एके काळी ही पुनम त्यांच्या अंगणवाडीतली, काही केल्या वजन न भरणारी, सगळ्यात अवघड पोर होती. ती आता भाताची निथळलेली दाट पेज ताटलीत ओतत होती.

"काऊन देते तू त्याले?" बाईंनी विचारलं.

पुनम गोंधळली. "तुमीच त सांगत होत्या न बाई, पेज फेकाची नाई, ताकद त्यातच राह्यते. पोरं आता पेत नाई, मंग टिल्लूले देतो. आमी साऱ्याच देतो."

बाईंना राग आला, आणि त्या रागातच गंमत अशी की ऊरही भरून आला. एकतीस वर्षं घसा कोरडा करून जे शिकवलं, ते या बायांनी इतकं पक्कं धरलं होतं की त्याखाली टिल्लू दबला. चूक कोणाची म्हणायची? त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओसरीवर पूर्वीसारखी मातांची बैठक बोलावली, उलटा तक्ता भिंतीला टांगला आणि आपला धडा आपल्याच तोंडाने मोडला. पेज गोठ्यात जाईल. आणि पाचही जणींनी आळीपाळीने टिल्लूला संध्याकाळी बोडीवर न्यायचं.

मार्चमध्ये काटा एकोणतिसावर आला. मोहफुलं वेचायला पहाटे निघणाऱ्या बायांसोबत टिल्लू जंगलाच्या कडेपर्यंत जाऊ लागला. एप्रिलच्या शेवटी सव्वीस. आणि एके दिवशी तो पाळीच्या निम्म्यावर आपणहून चढून उभा राहिला. मांड्या घट्ट झाल्या होत्या, पाठीवर हात फिरवला की कणा लागत होता.

जूनच्या पहिल्याच आठवड्यात गिरणीत पाचही जणी हजर होत्या. मुखरूभाऊंनी चष्मा लावून आकडा वाचला, तेवीस किलो आठशे. टिल्लूने वाट पाहिली नाही. काट्यावरून उडी मारून तो थेट बोडीकडे पळाला, चारही पायांवर, आणि एका दमात पाळ चढून गेला. बाई गिरणीच्या दारातून बघत राहिल्या. हे आपण केलं, असं त्यांनी मनात नाही, मोठ्यानेच म्हटलं.

पुनमने हळूच विचारलं, "बाई, माहं वजन भरलं तवाबी तुमी अशाच खुश झाल्या होत्या का?"

"तुह्या वेळी रडली होती मी," अंजनाबाई म्हणाल्या. "तू जगशील का नाई, हेच मले मालूम नव्हतं."

पुनमला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिने बाईंचा हात धरला आणि दोघी बोडीकडे निघाल्या. पाळ चढताना बाईंना दोनदा थांबावं लागलं, आणि वर उभा राहून टिल्लू त्यांची वाट बघत होता.