विहिणीच्या दोन, शांतीची अर्धी

कासारीण तिसरी बांगडी चढवत होती आणि शांतीच्या मनगटाभोवती काळंनिळं पसरत चाललं होतं.

"ओ माय! हातले काय व्हयनं?" मी ओरडले.

"काही नही, बाई. बांगड्या घट्ट शेत."

बांगड्या तर मलाही घट्टच होत्या! ती उगाच हसली, तेव्हा दातांना रक्त दिसलं. मग मात्र मी कासारणीला उठवलं आणि उखाला, म्हणजे माझ्या दिराला, गाडी काढायला लावली. शांती माझी धाकटी जाऊ. तिच्या काळजात यंत्राची झडप बसवलेली आहे, म्हणून रक्त पातळ करायची अर्धी गोळी रोज घ्यावी लागते. आणि दोन दिवसांवर तिच्या लेकीचं, चेतनाचं लग्न!

ही सोयरीकसुद्धा जुळली कुठे, तर रक्त तपासायच्या रांगेत. तळोद्याच्या कौसाबाईंचीही झडप बदललेली. बाकावर बसून एकमेकींची दुखणी उगाळता उगाळता दोघींनी चेतना आणि कौसाबाईंच्या हेमकांतचं ठरवून टाकलं. मुलांना मागाहून विचारलं. बरं झालं, त्यांनीही हो म्हटलं.

शहाद्याच्या दवाखान्यात डॉक्टर दिपाली मॅडमनी विचारलं, "मावशी, गोळी किती घेता?"

शांतीने पदर तोंडाला लावला. मी डोळे वटारले.

"दोन," ती पुटपुटली.

"दोन? कोणी सांगं तुले?" मी विचारलं.

"साखरपुडाले इहीनबाईनी मन्हासमोर दोन खाद्यात. तोच आजार, त्याच मॅडम. ती नवरदेवनी माय म्हनीसन तिले दोन, अन् मी पोरनी माय म्हनीसन अर्धी? दवाखानामा बी मानपान?"

हसावं की तिच्या डोक्यात टपली मारावी, मला कळेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. रक्त तपासून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी, जास्त गोळी म्हणजे जास्त मान नाही. आईबापांकडून रंग येतो, उंची येते, तशी गोळी पचवायची रीतही येते. कौसाबाईंचं अंग ती भराभर मोडून टाकतं, तुमच्या अंगात ती साचून राहते. पुस्तकातले डोस बहुतेक परमुलखातल्या माणसांना तपासून ठरलेत. तुम्हाला किती, हे तुमचं रक्तच सांगणार. म्हणून तर ती रांग! आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर डोक्यात रक्त उतरलं असतं."

शांतीने माझा हात घट्ट धरला. "बाई, मन्ही आंडेरनं, चेतनानं लगन माले देखाले भेटी ना?"

दोघी जावा खाटेवर बसून रडलो.

गोळ्या बंद करून मॅडमनी तिला ठेवून घेतलं. लग्नाच्या सकाळी रक्त ताळ्यावर आलं आणि तिला सोडलं. गाडीतून उतरली ती सरळ मांडवात, आणि वाजंत्रीवाल्यांना म्हणाली, "जोरमा वाजाडा रे!" मी तिला धरून बसवलं, तर बसल्या बसल्या टाळ्या.

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. चेतनाला पाहून शांतीचे डोळे भरले, माझेही. मग विहिणीचे पाय धुवायचे, म्हणून ती तांब्या घेऊन वाकली. कौसाबाईंनी पाय मागे घेतले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"ऱ्हाऊ द्या, इहीनबाई. तुमले उठाडाले धरसू कोठे? बठ्ठा हात निया शे," त्या शांतीच्या काळ्यानिळ्या हाताकडे बोट करून म्हणाल्या. मांडव हसला. त्यांनी शांतीला आपल्याच पाटाशेजारी बसवलं, पहिलं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "आते गोयी ल्या. पहिले तुमी."

मॅडमनी आजपासून पुन्हा अर्धी सुरू करायला सांगितली होती. शांतीने सगळ्या पंगतीदेखत गोळी मोडली. अर्धी तोंडात टाकली, कौसाबाईंनी दिलेलं पाणी प्यायली आणि उरलेली अर्धी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. उद्यासाठी.