घड्याळजीच्या खोलीतली ओल

घड्याळजीचं आयुष्यभराचं वैर एकाच गोष्टीशी होतं, ओलीशी. त्याच्या खोलीत चहाचा कपसुद्धा यायचा नाही, कारण वाफ. कपाटात, खणांत, भिंतीवरच्या घड्याळांच्या पोटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या. "एक दिवस मलाही वाळत घालाल," बायको म्हणायची.

तिची लाडकी बदकीण अंड्यांवर बसलेली असतानाच कुत्र्याने मारली. बायकोने डोळे पुसले, उबवणीचं यंत्र आणलं आणि घरात वारा न शिरणारी एकच खोली होती, तिथे नवऱ्याच्या टेबलाशेजारी मांडलं. त्याचं काही चाललं नाही. ऊब यंत्र सांभाळायचं. ओलावा मात्र तिलाच राखावा लागे, तळाच्या पन्हळीत पाणी घालून. बॅटरीच्या उजेडात धरलं की एकेक अंडं नुसतं पिवळं दिसे, म्हणजे आत जीव नाही. शेवटी एकातच जीव उरला, आणि तिचा जीव त्याच्यात अडकला.

त्या अंड्याला आतून टोच पडली, बारीक चिवचिव ऐकू आली, तेव्हा बायको बाहेर गेली होती. घड्याळजी काम टाकून बघायला वाकला. झाकणाच्या काचेवर दव साचलेलं. त्याला राहवेना. एवढंसं पोर, या दमटात गारठायचं, म्हणून त्याने झाकण उचलून एक पुडी अंड्याखालच्या जाळीखाली सारली. थोड्या वेळाने काच लख्ख झाली. त्याला फार बरं वाटलं.

बायको परतली तोवर चिवचिव थांबली होती. तिने पन्हळ भरली, ओलाव्याचा काटा काही चढेना. ती अंड्याच्या चिरेतून निरखत राहिली. "आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटलाय. हलताच येत नाहीये त्याला. पाणी तर मी घालतेय हो, जातंय कुठे?"

घड्याळजीने जाळीखाली बोट दाखवलं. "पुडी ठेवली मी आत," तो म्हणाला. "ओल बघवली नाही."

ती पुन्हा अंड्यावर वाकली. चार शब्द सुनावले असते तर त्याला सोसलं असतं.

तो उठला. पुडी काढून कोमट पाण्यात पिळलेलं फडकं आत सारलं, झाकण घट्ट लावलं. मग शेगडी आणि मोठं पातेलं आणून खोलीच्या मधोमध पाणी उकळत ठेवलं. टेबलावर लोकांची घड्याळं उघडी पडली होती.

"अहो, घड्याळं."

"असू दे. ती मला पुन्हा दुरुस्त करता येतील."

दोघं वाफेत घामाघूम बसून राहिली. कवच सोलायला एकाचा हात पुढे झाला की दुसऱ्याने तो धरायचा, कारण सोललं तर पिल्लू रक्ताळायचं. मदत करायची म्हणजे हात आवरायचे, हे घड्याळजीला जड गेलं. बऱ्याच वेळाने कवच जरासं हललं, आणि बायको तोंडावर हात धरून रडायला लागली.

पुढचे कितीतरी दिवस घड्याळजी गंजलेले भाग घासत बसला. टेबलाखाली पिल्लू त्याच्या अंगठ्याला टोचत असायचं.

"हाकला की त्याला," बायको म्हणाली.

"टोचू दे," तो म्हणाला. "त्याचा हक्कच आहे."