पायखटका आणि थांबलेले चित्र

सन १९९७, आश्विन महिना, दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळचे साडेदहा. स्थळ : रोहा, डॉ. अनिता यांच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियेची खोली. पुढील घटना या वेळी, या ठिकाणी घडली आणि तेव्हा मी टेबलाखाली हजर होतो.

मित्रांनो, मी एक जुना पायखटका आहे. पायाने दाबावयाची लोखंडी पाटी, तिच्याखाली एक स्प्रिंग आणि सोनोग्राफीच्या संगणकाकडे जाणारी एक तार, एवढाच माझा देह. माझा जन्म पेणचा. तेथील गणपतीच्या कारखान्यांत रंगफवारणीची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अय्यूबमिस्त्रींनी मला घडवले. रंगाऱ्याचे दोन्ही हात मूर्तीत गुंतले की फवारा पायाने चालवावा लागतो, हे ते जाणत. डॉक्टरांचे हात रुग्णात गुंतले असता संगणकही तसाच चालवता येईल, हे त्यांनी ताडले.

कोणी म्हणेल, संगणकाला कळफलक असताना पायाचे काय काम? त्याने विचार करावा. डॉक्टरांच्या एका हातात सोनोग्राफीचा दांडा, दुसऱ्यात सुई, आणि हातमोजे निर्जंतुक. कळफलकाला बोट लागले की मोजे बाद! माझ्या आधी परिचारिका नूरबानो कळ दाबी आणि "थांबव", "सोड" असे सांगण्यात मोलाचे क्षण जात. मी आल्यावर पाय दाबला की पडद्यावरचे चित्र थांबे, पाय उचलला की ते पुन्हा हलू लागे. दोन वर्षे मी एकदाही चुकलो नाही. येणारेजाणारे स्तुती मात्र संगणकाची करीत.

मला मान देत त्या फक्त फरशी पुसणाऱ्या विमलबाई. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्याडम, ह्यो बिचारा लाथा खाऊन राबतो. ह्याला नको काय हळदकुंकू?"

डॉ. अनिता हसल्या. "लावा की!"

विमलबाईंनी मला कुंकू लावले आणि नारळ फोडून त्याचे पाणी माझ्यावर शिंपडले. मी सुखावलो. ते गोड पाणी बिजागरीत उतरले आणि तीन दिवसांत पाकासारखे चिकट झाले. मला त्याचा पत्ताही लागला नाही.

त्या सोमवारी टेबलावर धोंडुबाई होत्या. कासूजवळच्या मिठागरात राबणाऱ्या या बाईंच्या यकृतात पू साठला होता. तो फुटून पोटात पसरला असता, तर जीव वाचणे कठीण होते. त्या जाग्या होत्या. बधिर केली होती ती केवळ कातडी.

"डॉक्टरीनबाय, सुई केवडी हाय?"

"तिकडे बघू नका."

"बघत नाय. इचारते."

"दिवसभर उन्हात मीठ ओढता, आन सुईला घाबरता व्हय?" नूरबानो म्हणाली.

"मीठ पोटात नाय घुसत गो!"

डॉक्टरांनी दांडा बरगडीखाली टेकवला आणि मला दाबले. चित्र थांबले. पू किती खोल आहे ते त्यांनी पडद्यावर मोजले. मग म्हणाल्या, "श्वास रोखून धरा," आणि पाय उचलला.

मित्रांनो, मी उठलो नाही! स्प्रिंग सर्व बळाने रेटत होती. पाटी चिकटून बसली होती. पडद्यावर मघाचेच चित्र होते. श्वास रोखलेला असल्यामुळे ते स्थिर आहे, असे डॉक्टरांना वाटले. सुई आत शिरली. एक बोट. दीड बोट. चित्रात सुई कोठेच नव्हती. ती अजून वर असावी असे समजून त्यांनी ती आणखी रेटली. मला वाचा असती, तर मी ओरडलो असतो.

धोंडुबाईंना खोकला आला.

"मॅडम, थांबा!" नूरबानो ओरडली. "पोट हाललं, चित्र नाय हाललं!"

डॉक्टरांचे हात जागीच थिजले. सुई सोडता येत नव्हती, दांडाही नाही. "खटका बघ," त्या कुजबुजल्या.

नूरबानो गुडघ्यांवर बसली. तिने पाटीखाली नखे घातली आणि ओढली. एक नख तुटले. पाटी सुटली. चित्र हलले, आणि सुईचे टोक दिसले : मोठ्या रक्तवाहिनीपासून तांदळाच्या दाण्याएवढे दूर. डॉक्टरांनी सुई अलगद मागे घेतली, दिशा बदलली, आणि थोड्याच वेळात सुईला जोडलेल्या नळीतून पू वाहू लागला.

मित्रांनो, यंत्राला मान द्यायचा असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी त्याला एकदा चालवून पाहा. कुंकवावाचून आमचे अडत नाही. तपासणीवाचून अडते, आणि ते दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

नूरबानोच्या बोटांना लागलेला चिकटा पाहून विमलबाई दारातच रडू लागल्या. "माज्याच हातनं झालं. मीच नारलाचं पानी..."

डॉ. अनिता मोजे उतरवीत होत्या. टेबलावरून धोंडुबाईंनी मान वळवली.

"रडू नको गो. पूजा केलीस, त्यात तुजी चूक नाय. डॉक्टरीनबायनी न तपासता सुई घातली, ती चूक."

"हो," डॉ. अनिता म्हणाल्या. "ती माझीच."