मी म्हणालो, ताप नाही

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पोटात पारा असलेला. हसू नका मित्रांनो! बटण दाबताच आकडा दाखवणारे नवे भाऊबंद आलेत, हे मलाही ठाऊक आहे. पण एके काळी अरब अमिरातींमधल्या फुजैरा शहरात एका घरात माझा शब्द शेवटचा असे. त्या मानापायी एका माणसाचा जीव जाणार होता, आणि ते आठवलं की मला आजही धडकी भरते.

माझी काच तापवून, फुंकून, ताणून मला घडवलं. अंगावर बारीक आकडे कोरले. मग राजापूरच्या एका औषधांच्या दुकानात बरेच दिवस पडून होतो. १९९१ साली प्रमिलाताई छोट्या लेकीला घेऊन नवऱ्याकडे फुजैराला निघाल्या. त्यांच्या आईने, मुक्ताबाईंनी मला विकत घेतलं आणि कोकमं नि कुळथाच्या पिठाच्या पुड्यांमध्ये कोंबलं. "परमुलखात कोण आहे गो तुला? ताप तरी घरच्या घरी कळेल," असं म्हणत त्यांनी डोळे पुसले होते.

प्रमिलाताईंचे यजमान दत्तप्रसाद बंदरावर एका कंपनीत होते. समुद्रात नांगर टाकलेल्या जहाजांना भाजीपाला आणि धान्य पोचवायचं, हे त्यांचं काम. माणूस भारी शिस्तीचा. त्यांनी माझ्या जिवावर घरात एक कायदाच करून टाकला. पारा शंभरच्या आत असेल तर काढा आणि पांघरूण. शंभरच्या वर गेला तर इमारतीखालचं क्लिनिक. एकशे दोनच्या वर गेला तरच हॉस्पिटलची इमर्जन्सी. आणि ज्या दुखण्याला ताप नाही, ते सुट्टीत राजापूरला आपल्या डॉक्टरांना दाखवायचं!

कायदा चालला हो! त्यांच्या लेकीला, ईश्वरीला, लहानपणी एकशे तीन ताप भरला. मी बरोबर सांगितलं, तिला लगेच हॉस्पिटलात नेलं आणि पोर वाचली. तेव्हापासून दत्तप्रसाद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा आमचा फॅमिली डॉक्टर." मीही शेफारलो. खोटं कशाला बोलू?

पण मला मोजता न येणारं एक दुखणं दत्तप्रसादांना होतं. मागच्या सुट्टीत राजापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, प्रेशर वाढलंय, दर महिन्याला तपासून घे. इथे तपासणार कोण? खालच्या क्लिनिकात दर वेळी नवा डॉक्टर. इंजेक्शन देई, गोळ्या लिहून देई, नावही विचारत नसे. हॉस्पिटलात जावं तर यांना वेगळीच धास्ती. "कंपनीला कळलं आणि अनफिट म्हणाले, तर खलास! व्हिसा कॅन्सल, पोरीची शाळा बंद. दोन महिन्यांवर सुट्टी आली आहे, राजापूरलाच दाखवू." असं म्हणत त्यांनी महिन्यामागून महिना ढकलला होता.

१९९७ सालचा मे महिना होता. शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा दिवस. सुरमईचं कालवण जेवून दत्तप्रसाद आडवे झाले आणि थोड्या वेळाने छाती चोळत उठून बसले. "ॲसिडिटी झाली वाटतं. हा डावा हातही भरून आलाय." प्रमिलाताईंनी सोडा घालून लिंबूपाणी दिलं. ढेकर आला नाही. एसी घरघरत होता, तरी त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"ममा, व्हाय इज ही सो वेट?" ईश्वरीने विचारलं.

प्रमिलाताई घाबरल्या आणि सवयीने माझ्याकडे धावल्या. झटकून मला दत्तप्रसादांच्या जिभेखाली ठेवलं. मित्रांनो, त्या तोंडाचा थंडपणा मला लागला आणि मी मनातून चरकलो. आजवर मी तापलेली तोंडं पाहिली होती. हे काहीतरी भलतंच होतं. पण मला बोलायला एकच भाषा येते, आकड्याची.

ईश्वरीने मला उजेडात धरलं आणि आनंदाने ओरडली, "नाइंटी-सेव्हन पॉइंट सिक्स! नो फीव्हर, पपा!"

"बघ, ताप नाही," दत्तप्रसाद दात आवळून म्हणाले. "साडेचारला खालचं क्लिनिक उघडेल, तेव्हा जाऊ. नाहीतर राजापूरला फोन लाव." घड्याळात तेव्हा पावणेतीन वाजले होते.

मी खरं तेच सांगितलं होतं आणि त्या खऱ्याच्या भरवशावर ते घर थांबलं! मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, मला छातीतलं कळत नाही, कायदा राहू द्या, उठा! प्रमिलाताईंनी मला पुन्हा झटकलं, पुन्हा जिभेखाली ठेवलं. पुन्हा तोच आकडा. तिसऱ्यांदा ठेवायला गेल्या, तर दत्तप्रसादांना तोंडही नीट मिटवेना.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या मैमुनाबी डबा परत द्यायला आल्या. त्या रत्नागिरीकडच्याच. दत्तप्रसादांचा राखाडी पडलेला चेहरा बघून त्यांनी डबा तिथेच टाकला. "अगो बाई, ती काचेची काडी काय नाचवतेस? माझा दीर असाच ॲसिडिटी, ॲसिडिटी करत गेला! चल, इमर्जन्सीला चल!"

"पण भाभी, ताप नाही हो..."

"मेलेल्यालाही ताप नसतो गो!"

प्रमिलाताईंनी दत्तप्रसादांना खांद्याचा आधार देत उठवलं. मैमुनाबी अनवाणीच जिना उतरून रस्त्यात उभ्या राहिल्या आणि टॅक्सी अडवली. ईश्वरीला त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतलं. मी प्रमिलाताईंच्या मुठीतच राहिलो होतो. टॅक्सीत त्यांची मूठ इतकी आवळली की मला वाटलं, आता मी फुटणार. दत्तप्रसादांचं डोकं त्यांच्या खांद्यावर घरंगळलं होतं. "अहो, बोला ना हो," एवढंच त्या म्हणत होत्या.

इमर्जन्सीच्या दारात कुणी ताप विचारला नाही. शर्ट टराटरा फाडला, छातीला वायरी चिकटवल्या, पडदा ओढला. पडद्याबाहेर आम्ही दोघं. आत धावणारी पावलं ऐकू येत होती आणि प्रमिलाताई पडद्याच्या फटीतून आत बघायला धडपडत होत्या. देवा, एवढं भ्यायलेलं माणूस मी कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. हिंदीत म्हणाले, "हार्ट अटॅक होता. सध्या जिवंत आहेत. इन्शाल्ला, वाचतील." मग कागद पुढे ओढून विचारलं, "यांचे नेहमीचे डॉक्टर कोण? प्रेशर किती असतं, गोळ्या कुठल्या, ते कुणाला माहीत आहे?"

"आमचे डॉक्टर आहेत ना," प्रमिलाताई म्हणाल्या, "राजापूरला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "राजापूर इथल्या कुठल्या अमिरातीत येतं?"

प्रमिलाताई हमसून हमसून रडल्या.

दत्तप्रसाद वाचले. कंपनीने काढलंही नाही, हलकं काम दिलं. आता फुजैरातच त्यांचे एक ठरलेले डॉक्टर आहेत. दर महिन्याला प्रेशर बघतात, नावाने हाक मारतात. माझा तोरा उतरला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. सर्दीतापाला मला अजून बाहेर काढतात. पण मी 'ताप नाही' म्हटलं तरी प्रमिलाताईंची नजर माझ्यावर ठरत नाही. ती दत्तप्रसादांच्या चेहऱ्यावर जाते आणि बराच वेळ तिथेच थांबते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या छातीत दुखू लागलं, घाम फुटला, तर माझ्यासाठी खण धुंडाळत बसू नका. आणि आपला डॉक्टर आपण राहतो त्या गावात करा, तोही धडधाकट असताना. मी त्या दिवशी तीनदा खरं बोलणार होतो. तिसऱ्यांदा ऐकायला माणूस उरला नसता.