पत्र्याच्या गर्दीत प्लास्टिकचा मी

मी एक जुना यंत्रमानव आहे. माझं अंग पत्र्याचं नाही, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं आहे. मित्रांनो, ज्याला हसायचंय त्यानं आताच हसून घ्यावं. मला सवय आहे.

शाळेच्या कार्यशाळेत, एका लंगड्या टेबलावर माझा जन्म झाला. स्पर्धेत चेंडू उचलून टोपलीत टाकायचे आणि समोरच्यांच्या धडका खायच्या, एवढंच माझं काम. आदल्या वर्षीचा आमचा यंत्रमानव ॲल्युमिनियमचा होता. पहिल्याच धडकेत त्याची कूस, म्हणजे बाजूचा पत्रा, आत गेली, चाक अडकलं, आणि कशात अडकलं ते शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही. म्हणून संघातल्या सगळ्यात बुटक्या मुलीनं हट्ट धरला, यंदा प्लास्टिकच. तिला सगळे टिचकी म्हणत. संघाची प्रमुख तीच. सरांनी परवानगी दिली, पण अट घातली : प्लास्टिक फसलं, तर जुनाच यंत्रमानव उतरवायचा आणि प्रमुख बदलायचा.

कार्यशाळा सांभाळणारे फोरमनकाका तीस वर्षं लोखंडात मुरलेले. मी अजून प्लास्टिकचा नुसता तक्ता होतो, त्यावर त्यांनी टकटक केलं.

"टिचके, यात बिस्किटं ठेवणार की पेन्सिली?"

"चेंडू ठेवणार, काका."

"एका धडकेत चुरा होईल."

"चुरा काचेचा होतो. हे वाकतं आणि परत सरळ होतं. लाथ मारून बघा."

काकांनी खरंच मारली. मी वाकलो, परत सरळ झालो. काका अंगठा चोळत चहाला निघून गेले.

मग मला कापलं, वाकवलं, कानशीनं माझ्या कडा घासल्या. पत्र्याच्या पोटात गबाळेपणा खपून जातो. माझ्या पोटात एक वायर वाकडी गेली, तर दारातून दिसायची. टिचकीनं सगळ्या वायरी तीनदा उपसून पुन्हा बसवल्या. तिला किचकट म्हणणारे पुष्कळ होते, मदतीला एकही नव्हता.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी काका एकटेच आत आले. खिशातून निळ्या औषधाची बाटली काढली. स्क्रू सैल होऊ नये म्हणून ते त्यावर एक थेंब टाकतात. लोखंडाला ते मानवतं. काकांनी माझ्या प्रत्येक स्क्रूवर मायेनं थेंब सोडला आणि दिवा मालवून गेले.

सकाळी माझ्या प्रत्येक स्क्रूभोवती कोळ्याच्या पायांसारखे तडे होते.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "दुपारी तपासणी आहे. जुना काढा. आणि टिचकी, तू आता बाजूला हो."

ती खाली मान घालून माझे स्क्रू काढायला लागली. काका दारातच उभे होते. ते गप्प राहिले असते, तर त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. एवढा संताप मला पुन्हा कधी आला नाही.

"सर, प्लास्टिकची चूक नाही," काका म्हणाले. "औषध मी टाकलं. पोरीला विचारलं नाही."

टिचकीनं मान वर केली. "प्लास्टिकला ते चालत नाही, काका. बाटलीवर लिहिलंय."

"तीस वर्षांत बाटली वाचायची वेळच आली नाही गं. आता सांग, काय कापू?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "दुपारपर्यंत. मग मी ऐकणार नाही."

उरलेल्या तक्त्यातून दोन नव्या कुशी निघाल्या. टिचकी मापं सांगत होती, काका कापत होते. माझ्या पाठीला तक्ता पुरला नाही, म्हणून तिथले स्क्रू काढून साबणाच्या पाण्यानं धुतलं आणि प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो तिथेच थांबवला. तपासनीस माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "सगळं बाहेरूनच दिसतंय, उघडू कशाला?" आणि शिक्का मारला.

मैदानात एक ॲल्युमिनियमचा धटिंगण माझ्यावर धावून आला. माझी कूस आत गेली आणि परत बाहेर आली. त्याचाच हात वाकडा झाला. पुढच्या फेरीत माझ्या घशात चेंडू अडकला. तो कुठे अडकलाय ते अख्ख्या सभागृहाला दिसलं आणि फेरी संपताच टिचकीनं एका बोटानं काढला. उपांत्य फेरीत आम्ही हरलो. चेंडू कमी टाकले म्हणून हरलो, मोडलो म्हणून नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलं नाही, म्हणून मी सांगतोय.

पुढच्या वर्षी सरांनी काकांना विचारलं, "यंदा पत्रा किती मागवायचा?"

"मला काय विचारता?" काका म्हणाले. "प्रमुख ती आहे."

आता मी कपाटावर असतो. अंगावर ओरखडे आहेत, धूळही आहे. मित्रांनो, मला दया नको. पुसायचं असेल तर साबणाच्या पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसा, पण फडकं उचलण्याआधी विचारा, हा कशाचा बनलाय. माणसांनाही तेच विचारा. कारण इतक्या धडका खाल्ल्या, एकीनंही मला तडा गेला नाही. तडे गेले ते न विचारता केलेल्या मायेनं.