एल्फांच्या वस्तीचा वारा

तीनशे एल्फ मी जाळून मारले. माझ्याच चष्म्याच्या दुकानात, रविवारी दुपारी, कॉफी पीत पीत. यात गंमत वाटत असेल तर खुशाल हसा, मीही पहिले दोन दिवस हसून बघितलं.

दर रविवारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं काउंटरभोवती बसतो. मी, माझी बायको, वरच्या मजल्यावरचा डेंटिस्ट आणि माझी धाकटी बहीण बारकी. बारकी आता बेचाळीसची आहे, पण नाव पडलं ते पडलं. खेळ असा की जग माझं आणि त्यातलं एकेक माणूस त्यांचं. बायको चोर, डेंटिस्ट कुऱ्हाडवाला बुटका, बारकी एल्फ. राजा, शिपाई, म्हातारेकोतारे, उरलेली सगळी दुनिया माझ्या तोंडून बोलते. कोणी काही अवघड करायला गेलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं. काही फासे मात्र मी टाकतो, फ्रेमा मांडायचे दोन पुठ्ठे उभे करून त्यांच्या आडोशाला. तिथला आकडा मी सांगेन तो. सहा वर्षांत कोणी एकदाही डोकावलं नाही.

एल्फ मी दोन ओळींत उरकले होते. लांब कानांची जंगलातली जमात, राजाने हाकललेली. शहरात यायचं तर कान झाकायचे आणि वेशीवर आपलं नाव टाकून शहरी नाव घ्यायचं. छळायला कोणीतरी असलं की गोष्टीला वजन येतं, एवढाच माझा विचार. त्यांची माणसं केली ती बारकीने. ती जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसते, दिवसभर लोकांची नावं लिहिते, आणि मधल्या सुट्टीत एका जाड वहीत एल्फांचं लिहायची. एल्फ मुलाला जन्मल्या जन्मल्या नाव देत नाहीत. ते पहिल्यांदा खोटं बोलतं त्या दिवशी देतात, कारण मनात एक आणि तोंडात एक असू शकतं हे त्याला कळलेलं असतं. दोघांचं भांडण झालं तर दोघांनी एकमेकांच्या कानांना तेल चोळायचं, तोवर जेवण नाही. हे ऐकून बायको म्हणाली, "हे आपल्याकडे सुरू करू या. बाटली मी आणते."

आता मुद्द्यावर येतो, टाळून काय उपयोग. नदीकाठची एल्फांची वस्ती जाळायला राजाचं सैन्य निघतं, असा प्रसंग मी दोन महिने खपून रचला होता. नकाशा काढला, सेनापतीचं भाषण पाठ केलं. आणि बारकीने तो अर्ध्या तासात गुंडाळला. तिने महिनाभर आधीच, शेळ्यांना चारा हवा म्हणून, वस्तीभोवतीचं सगळं गवत कापून घेतलं होतं. मी तेव्हा मान डोलावली होती, शेळ्यांत मला काय रस? आता आग वस्तीपर्यंत पोचायची तर वारा वस्तीकडेच वाहत राहायला हवा होता. डेंटिस्ट म्हणाला, "राजाला काढा आणि हिलाच गादीवर बसवा." बारकी हसत म्हणाली, "दादा, तुझा राजा अगदीच बावळट आहे रे." बायकोही हसली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पन्नाशी उलटलेला माणूस, पण झोंबल्या.

मी म्हटलं, वाऱ्याचा फासा टाकतो. अकराच्या वर आला तर वारा वळला, वस्ती वाचली. आडोशामागे फासा टाकला. सतरा.

"चार," मी म्हणालो.

बारकीने वहीत लिहिलं, 'वारा वळला नाही.' एक्केचाळीस जण नदी पोहून निघाले, बाकीचे गेले.

मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल, दोन रविवार तोंड फुगवून बसेल. मग मीच दोनचार एल्फ कुठून तरी जिवंत काढून तिची समजूत घालीन. ती भांडली नाही. फासा पडला म्हणजे पडला, ही तिची रीत. ती वाचलेल्यांना घेऊन डोंगरात गेली आणि त्यांचं पुढचं लिहायला बसली. एल्फांनी वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या लिंपून टाकल्या. मुलांना वाऱ्याकडे पाठ करून बसायला शिकवलं. पोरी पाळण्याशी वाऱ्याला शिव्या देणारं गाणं म्हणू लागल्या. ती प्रत्येक गोष्ट वाचून दाखवायची आणि मी 'वा' म्हणायचो. एका खोट्या चारवर एवढं उभं राहिलं होतं.

त्यात मी आणखी एक घाण केली. एका रविवारी तिने एल्फांच्या जख्ख म्हातारीला विचारलं, असं का झालं असेल? म्हातारी माझ्याच तोंडून बोलायची. मला काही सुचेना, म्हणून वेळ मारून न्यायला बोलून गेलो, "वारासुद्धा आपला नाही गं." बारकीचं पेन थांबलं. मग तिने ते लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला ती म्हणाली, "दादा, आमचं ठरलंय. येत्या रविवारी सगळे वेशीवर जाणार. शहरी नावं घेणार, पोरांशी शहरी भाषा बोलणार. राजाने छळलं तेव्हा आम्ही टिकलो, पण वाराच विरुद्ध गेला तर आपलंच काहीतरी चुकत असणार, असं म्हातारीच्या बोलण्यावरून सगळ्यांनी धरलंय. एक्केचाळीस नावं मी लिहून आणते, मला सवय आहे."

"म्हणजे एल्फ संपले?" डेंटिस्टने विचारलं.

"माणसं राहतील. एल्फ नाही," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकली.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. एका गिऱ्हाइकाची उजवी काच डाव्या डोळ्याला बसवली. बायकोने विचारलं, "तुझं काय बिनसलंय?" मी म्हटलं, पित्त. खेळच तर आहे, असं स्वतःला दहा वेळा बजावलं. पण सहा वर्षं ती दुसऱ्यांच्या जगण्यामरण्याच्या नोंदी करून थकून यायची आणि या लोकांपाशी बसायची, हे मी पाहिलं होतं. आणि सांगावं तर सहा वर्षांच्या प्रत्येक फाशावरून विश्वास उडणार. खरं सांगतो, एल्फांपेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटत होती.

रविवारी ती नावांचा कागद घेऊन आली. पहिलं नाव वाचायला तिने तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "थांब. त्या दिवशी सतरा पडला होता."

तिला कळलं नाही. मी पुठ्ठे आडवे केले. "वाऱ्याचा फासा. सतरा पडला होता. मी चार सांगितला."

बायकोने कप खाली ठेवला. डेंटिस्ट घाईघाईने म्हणाला, "मग काय, पुसून टाका ते सगळं. वस्ती जळलीच नाही. सुटला प्रश्न."

"कसं पुसणार?" बारकी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोन महिने ते रडलेत." मग माझ्याकडे वळली. आवाज खिडकीतल्यासारखा, समोरच्याला पुढचा कागद मागावा तसा. "मला नको सांगूस. त्यांना सांग. एक्केचाळीस जण वेशीसमोर उभे आहेत. तू जा तिथे."

"कोण म्हणून जाऊ?"

"तू म्हणूनच. चष्मेवाला."

डेंटिस्टला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. मी खुर्चीत सरसावून बसलो आणि रिकाम्या काउंटरकडे बघून सांगायला लागलो. माझं अगदी ततपप झालं. म्हणालो, मी चष्मेवाला, तुमच्या वस्तीचा वारा माझ्या हातात होता. तो वळला होता, मी वळला नाही म्हणून सांगितलं.

सवयीने म्हातारीच्या आवाजात उत्तर द्यायला गेलो, तर बारकीने हात वर केला. "तिचं आता मी बोलते." आणि म्हातारी होऊन तिने विचारलं, "का केलंस?"

"तुमचं चांगलं चाललं होतं," मी म्हणालो. "माझ्यावाचून चाललं होतं. माझ्या पोटात दुखलं."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

बायको माझ्याकडे बघत नव्हती. मग बारकीने नावांचा कागद चार घड्या करून मुठीत धरला आणि खुर्ची माझ्याकडे पाठ करून फिरवली, जणू मागे पोरंटोरं उभी होती.

"ऐकलंत का रे?" म्हातारी त्यांना म्हणाली. "वारा आपलाच होता. चला घरी."

माझ्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.